इकडचं पक्कं आहे

१

मेघाच्या हाती लागलेला माणूस चालल्याशिवाय सुटत नाही, असं शहराच्या सदर भागातल्या तिच्या क्लिनिकात येणारे पेशंट एकमेकांना सांगायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. कोणाचा गुडघा बदललेला, कोणाची अर्धी बाजू लकव्यानं गेलेली. ही फिजिओथेरपिस्ट बाई कमरेवर हात ठेवून पलंगापाशी उभी राहायची आणि म्हणायची, उठा, चाला. माणूस रडायचा, मनातल्या मनात शिव्या द्यायचा आणि चालायचा. 'होत नाही' हे दोन शब्द ऐकले की तिचं डोकं फिरायचं.

आता गंमत पाहा. जगाला चालवणाऱ्या या बाईचा स्वतःचा बाप घरी पलंगावर पडून होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मागच्या उन्हाळ्यात आई गेली, कांताबाई. मेघानं बाबांना, म्हणजे गोपाळरावांना, त्याच शहरात, इंदोऱ्यातल्या आपल्या फ्लॅटवर आणलं. ते आले, खिडकीजवळच्या पलंगावर बसले, आडवे झाले आणि तसेच राहिले. हाडं ठीक, नसा ठीक, नाडी जवानासारखी. मनच उठत नव्हतं. असा पडलेला म्हातारा माणूस पुढे कुठे जातो, ते मेघानं धंद्यात डोळ्यांनी पाहिलं होतं. आई गेली ती गेली, बाबांना मी जाऊ देणार नाही, असं तिनं नवऱ्याला, अश्विनला, भाजी चिरता चिरता सांगून टाकलं होतं, आणि तिला ते जमणार याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती.

गोपाळराव हे साधंसुधं प्रकरण नव्हतं. सावनेरच्या पुढे, मध्यप्रदेशाच्या हद्दीला लागून बेहडाटोक नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटात मँगनीजची खाण होती, आता कैक वर्षं बंद. तिथं त्यांनी उभी हयात छत ठोकण्यात घालवली. पाळी सुरू व्हायच्या आधी एक जण लोखंडी टोकाची काठी घेऊन एकटा पुढं जायचा, वरचा दगड ठोकायचा, बाजूला तळहात टेकवून हादरा बघायचा. दगड खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कच्चा. पक्क्या जागी चुन्याची रेघ, कच्च्या जागी फुली. काम संपलं की आतला तीन ठोके द्यायचा. बोगद्याच्या तोंडाशी उभा असलेला जोडीदार आपल्या डोक्यावरचं छत पाहून दोन ठोक्यांनी उत्तर द्यायचा. इकडचं पक्कं आहे, ये, असा त्याचा अर्थ. उत्तर आलं नाही तर आतला जागचा हलत नसे, मग कितीही वेळ जावो.

हीच रीत गोपाळरावांनी घरातही आणली होती. पाळीवरून आले की खाण-कॉलनीतल्या क्वार्टरच्या चौकटीवर काठीचे तीन ठोके. आतून छोट्या मेघानं हाताला लागेल त्यानं दोन ठोके द्यायचे, ताटलीवर चमच्यानं, पाट्यावर वरवंट्यानं, कशानंही. ती झोपली असली तर कांताबाई तव्यावर उलथनं आपटायच्या. उत्तर आल्याशिवाय हा माणूस उंबरा ओलांडत नसे. एकदा मायलेकी पाण्याला गेल्या होत्या, तर घर सताड उघडं असून हे भर उन्हात बाहेर उभे राहिले, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वर्षभर हसायला विषय झाला.

आई गेल्यावर मेघानं त्यांची काठी पलंगाशेजारी आणून ठेवली होती. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "आता ठोकून तरी उत्तर कोण देईन," एवढंच म्हणाले.

ते तिला फार लागलं. मी काय मेली आहे का, असं ओठांवर आलं होतं, पण तिनं गिळलं आणि दुसरंच बोलली. बाबा, रविवारी बेहडाटोकला जाऊ, डोंगर चढून खाणीपर्यंत. गोपाळरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, कित्येक महिन्यांनी नीट, आणि विचारलं की वाट अजून शिल्लक आहे का.

२

धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी ओसरून गेली होती, कोजागिरी झाली होती, सकाळच्या हवेत गारवा आला होता. सावनेर सोडल्यावर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तूर कमरेच्या वर गेलेली. गोपाळराव पुढच्या सीटवर काठी मांडीत धरून बसले होते आणि अश्विनला गाडी कशी चालवावी ते सांगत होते. अश्विन कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, स्वभावानं थंड, सासऱ्याला मामाजी म्हणून मान देणारा. तो हो हो म्हणत आपल्या मनासारखीच चालवत राहिला.

डोंगराच्या पायथ्याशी, पळसाखाली, मनकर्णा नावाची एक बाई सीताफळांची टोपली घेऊन बसली होती. मेघानं फळं घेतली. ती बाई गोपाळरावांच्या काठीकडे पाहत होती. मग तिनं विचारलं, "तुम्ही त्या चुनावाल्यांचे का वं? वर कोणी चुना मारून राहिलं. पण चढतानी मले तं कोणी दिसलं नाही."

सरकारी मोजणीवाले असतील, अश्विन म्हणाला. जुन्या खाणी पुन्हा उघडायचं चाललंच आहे. मेघालाही ते पटलं. डोंगराला काय एकच वाट असते?

मग चढण लागली, आणि मेघाला आपल्या अंगात दहा हत्तींचं बळ आल्यासारखं झालं, कारण बाबा चालत होते. नुसते चालत नव्हते, पुढं चालत होते. कुसळी गवत धोतराला टोचत होतं, सागाची मोठाली पानं पायाखाली वाजत होती, आणि गोपाळराव हातातल्या काठीनं या दगडाला टोक लाव, त्या दगडाला टोक लाव करत, मध्येच थांबून काळा जड दगड उचलून अश्विनच्या हातात ठेवत चढत होते. अश्विनची पाठपिशवी दगडांनी भरली. मामाजी, उतरताना घेऊ नं, असं तो काकुळतीनं म्हणाला, तर गोपाळराव हसले. पार डोळ्यांपर्यंत हसले.

मेघानं मागून ते पाहिलं आणि झाडाआड होऊन डोळे पुसून घेतले. पाहिलं ना, असं तिला जगाला सांगावंसं वाटलं. डॉक्टर काय म्हणत होते, वय झालं, मनाला घेतलं, सांभाळा. सांभाळा कशाला, चालवा.

३

खाणीचं तोंड डोंगराच्या कुशीत होतं. बंद करताना लावलेले लोखंडी गज भंगारवाल्यांनी कधीच कापून नेले होते. आतून गार हवेचा झोत येत होता, ओल्या मातीचा आणि जुन्या लोखंडाचा वास घेऊन.

मेघानं अट आधीच घातली होती की जिथवर उजेड पोचतो तिथवरच, एक पाऊल पुढं नाही. बंद खाणीत हवा कशी असते ते गोपाळरावांनाच जास्त माहीत, त्यामुळं त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी तोंडाशीच काठी उचलली आणि वरच्या दगडावर ठोकली. खण्ण. बाजूला तळहात टेकवला, डोळे मिटले. मग मेघाला आणि अश्विनला हातानं खूण केली, या. मेघा लहानपणापासून हे सगळं फक्त ऐकत आली होती, आज पहिल्यांदा पाहत होती, आणि तिला आपल्या बापाचा फार अभिमान वाटला.

थोडं आत गेल्यावर बोगदा उंच होत गेला. एखाद्या सभागृहासारखं मोठं दालन, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी डोकं लागणार नाही असं. दिवसाचा उजेड तिथवर पोचून थकत होता. अश्विननं मोबाइलचा दिवा वर केला.

छतावर चुन्याची रेघ होती.

गोपाळराव बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग म्हणाले, "ही माह्यी खूण होय."

छत ठोकणाऱ्या प्रत्येकाची आपली खूण असायची, म्हणजे चूक झाली तर कोणाची ते कळावं. गोपाळरावांची रेघ शेवटाला खाली वाकलेली, शेपटीसारखी. मेघाला ती ओळखू आली, कारण लहानपणी तिच्या पाटीवर ते बेरीज बरोबर आली की तशीच रेघ मारायचे. जुनी खूण टिकली असेल, असं ती बोलणार, तेवढ्यात तिच्या गालावर काहीतरी गार पडलं. तिनं बोटानं पुसलं. चुना होता, ओला.

मोजणीवाले, अश्विन लगेच म्हणाला. जुन्या खुणा दिसल्या, त्यांच्यावरूनच गिरवल्या असतील. शिडी आणली असेल. एवढं काय त्यात? बरोबर होतं त्याचं. मेघानं शिडीच्या पायांच्या खुणांसाठी खाली पाहिलं. खाली वटवाघळांची लेंडी होती, मऊ, एकसारखी पसरलेली, आणि तिच्यात फक्त त्या तिघांची पावलं उमटली होती.

रेघेच्या शेजारी, छताला, काळा पंजा होता. मँगनीजनं माखलेला हात टेकवल्यावर उठतो तसा, पाचही बोटं फाकलेली. हादरा बघायला छत ठोकणारा हात टेकवतो, तसा नेमका. फक्त तिथं हात पोचवायला माणसाला शिडी लागली असती, आणि शिडीवर उभं राहून कोणी हादरा बघत नाही. हे मेघाच्या मनात आलं आणि तिनं ते तिथंच बाजूला सारलं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात भूतखेताला उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. पटण्यासारखं कारण आत्ता सापडत नसलं तर नंतर सापडतं, असं तिचं ठाम मत होतं.

चला बाबा, खूप झालं, ती म्हणाली. गोपाळराव ऐकत नव्हते. त्यांचा डावा कान खाणीतल्या सुरुंगांनी केव्हाच गेला होता, उजवाही निम्मा. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. पण आता ते मान तिरकी करून उभे होते, काहीतरी ऐकत.

४

टक. टक. टक.

आतून, दूरवरून, अंधारातून. मेघानं आणि अश्विननं ते नंतर ऐकलं, गोपाळरावांनी आधी.

पाणी ठिबकतं आहे, अश्विन म्हणाला. उन्हानं तापलेला दगड निवतो तेव्हाही आवाज येतो. त्यानं आणखीही दोन-तीन कारणं सांगितली आणि सगळी चांगली होती. पुन्हा तीन ठोके आले. पाणी ठिबकतं ते ठिबकतच राहतं, तीनवर थांबत नाही. हे आवाज तीनवर थांबत होते आणि मध्ये वाट पाहत होते. माणूस काहीतरी विचारून समोरच्याच्या तोंडाकडे पाहत राहतो तेवढा वेळ.

मेघानं बापाचा हात धरला. त्यांना वळवून तोंडाकडे आणलं. अश्विन पुढं, मग ती, मागं गोपाळराव. उजेड आला, बाहेरची सागाची पानं दिसली, तिचा जीव भांड्यात पडला. बाहेर पडता पडता मागं पुन्हा तीन ठोके पडले, या वेळी जवळून, त्या मोठ्या दालनातून.

आणि गोपाळरावांनी उत्तर दिलं.

त्यांनी ते ठरवून केलं नाही. मेघा शपथेवर सांगेल. तोंडाशी आल्यावर त्यांचं पाऊल आपसूक थांबलं, काठी आपसूक वर गेली, वरच्या दगडावर दोन ठोके पडले. खण्ण, खण्ण. जोडीदाराची आत जायची पाळी असली की त्या जागी उभं राहून ज्या हातानं जन्मभर हेच केलं, त्या हाताला दुसरं काय सुचणार? उत्तर देताना त्यांच्या तोंडावर हसू होतं, जुनं कोणी भेटल्यासारखं. मग ते हसू हळूहळू गेलं. त्यांनी आपल्या काठीकडे पाहिलं.

"आत तं कोणी गेलंच नव्हतं वं माय," ते म्हणाले. "मंग ये म्हणून मी कोणाले म्हणलं?"

मग तिघं उतरू लागले. गोपाळराव मघापेक्षा भराभर उतरत होते. मेघानं मागं वळून पाहिलं नाही. भीती वाटली म्हणून नाही, तिनं स्वतःला बजावलं, मागं पाहण्यासारखं काही नव्हतं म्हणून. पायथ्याशी मनकर्णा अजून बसली होती. तिनं त्या तिघांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागं वाटेकडे पाहिलं, आणि पळसाच्या सावलीतून टोपली उचलून उन्हात जाऊन बसली.

गाडीत, सावनेर आल्यावर, गोपाळराव मागं वळले. मग मेघाला म्हणाले की आजपासून घरी आलो की मी बेल वाजवीन. दारावर कोणी ठोकलं तर उत्तर द्यायचं नाही. कोणी म्हणजे कोणीच, आवाज माझा वाटला तरी. मेघानं विचारलं, काहून? तेव्हा ते तिला समजावून सांगितल्यासारखे बोलले, शांतपणे.

"उत्तर ज्यानं देल्लं, येणारा त्याच्यापर्यंत येते. रीतच आहे तशी. आता उंबऱ्यापाशी येऊन एकडाव आणखी विचारते. तवा उत्तर नाही भेटलं तं तिथंच थांबते."

ठीक आहे बाबा, मेघा म्हणाली. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, त्यात काय जातं आपलं.

५

मेघा जिंकली होती. हे कोणालाही मान्य करावं लागलं असतं.

गोपाळराव दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून उठले. चहा मागितला. संध्याकाळी चपला घालून खाली फिरून आले, बेल वाजवली. मग रोजच. जेवण वाढलं, आवाज चढला, टीव्हीवरच्या बातम्यांवर वाद घालू लागले. क्लिनिकात मेघा प्रत्येक कुरकुरणाऱ्या पेशंटला बाबांची गोष्ट सांगायची, खाणीतला चुना वगळून. डोंगर चढले माझे बाबा, तुम्हाला जिना होत नाही? पेशंट ओशाळायचे आणि उठायचे.

एक गोष्ट होती. गोपाळराव आता प्रत्येक खोलीत शिरताना आधी वर पाहत. पण आयुष्यभराची सवय, परत आली असेल.

दिवाळीच्या आधी बिल्डिंगला रंग लावायचं काम निघालं. पिंटू नावाच्या पेंटरनं माणसं आणली, जिन्यात डबे आणि बांबू आले. एक दिवस मेघा गाडी लावून पार्किंगमधून येत होती, तर वरच्या स्लॅबला पांढरी रेघ दिसली, शेवटाला वाकलेली. रंगारी ब्रश पुसतात कुठेही, ती मनाशी म्हणाली. तीन-चार दिवसांनी तशीच रेघ पहिल्या मजल्याच्या वळणावर, छताला. शेजारी काळा डाग. तो डाग कसला आहे ते तिनं थांबून पाहिलं नाही, तिला क्लिनिकला उशीर होत होता.

पण तिला पिंटूनंच गाठलं. तो वैतागला होता. म्हणाला, ताई, तुमच्या बिल्डिंगमधलं कोणीतरी आमचं काम खराब करून राहिलं. ओल्या रंगावर हात लावते, चुना फासते. आम्ही तं चुना वापरतच नाही, सगळा डिस्टेंपर आहे. आणि तिथं हात तरी कसा पुरते त्याचा?

मेघानं त्याला सांगितलं की पोरं असतील, बांबूवर चढत असतील. आवाज तिचा नेहमीसारखाच खणखणीत निघाला. वर जाताना तिनं प्रत्येक वळणावर छताकडे पाहिलं. त्यांच्या मजल्याचं छत कोरं होतं. खालच्या मजल्याचं नव्हतं.

त्या रात्री जेवताना ती अश्विनला सांगणार होती. पण गोपाळरावांनी तिसरी भाकर मागितली, आणि तेवढ्यासाठी तिनं काहीही दाबून टाकलं असतं.

६

दिवाळी तोंडावर आली होती. दुपार कलली होती, अश्विन कॉलेजात होता. गोपाळरावांना फिरायला जातो म्हणून चपला घालताना मेघानं पाहिलं होतं. ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढून आणायला गेली, आली, दार लावलं आणि स्वयंपाकघरात खलबत्ता घेऊन बसली. भिवापूरची लाल मिरची, लसूण, खडा मीठ. बाबांना मिक्सरचा ठेचा चालत नसे, आणि आता बाबांना जे चालेल तेच या घरात होणार होतं. ती मिरची कुटत होती आणि मजेत होती. पुढच्या महिन्यात त्यांना आणखी एखाद्या डोंगरावर न्यायचा बेत तिच्या डोक्यात चालला होता.

दाराच्या चौकटीवर तीन ठोके पडले.

तोच ठेका, तीच ओढ, क्वार्टरच्या दारावर पाळी संपल्यावर पडायचे तसेच. आणि मेघाचं काळीज आनंदानं भरून आलं. बाबा विसरले, तिला वाटलं. ती भीती, ती बेल, सगळं विसरले, पहिल्यासारखे झाले. हे वाटेपर्यंत तिच्या हातानं काम करूनही टाकलं होतं. बत्ता खलाच्या काठावर दोनदा वाजला होता.

मग तिला आठवलं.

बाहेर काही हललं नाही. बेल वाजली नाही. ती बत्ता हातात धरून तशीच बसली, नाकात मिरचीचा खकाणा, डोळ्यांत पाणी. तुझे बाबा आहेत बाहेर, ऊठ आणि दार उघड, असं तिनं स्वतःला दरडावलं. ती उठून हॉलपर्यंत आली.

"मेघा," आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "कोणी ठोकलं वं?"

ते फिरायला गेले होते आणि अर्ध्या वाटेवरून परत आले होते. ती गच्चीवर असताना, दार उघडंच असताना. आता ते खोलीच्या दारात उभे होते, झोपेतून उठलेले, काठी हातात. मेघानं बाहेरच्या दाराकडे पाहिलं. दार बंदच होतं, कडी जागेवर. दाराच्या वर, आतल्या बाजूला, छतावर पांढरी रेघ होती, शेवटाला वाकलेली. तिचा एक थेंब फरशीवर पडला.

मग पंख्याजवळ, जिथं मघा नुसतं छत होतं, तिथं एक काळा हात टेकलेला तिला दिसला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, हलकेच, बोटं फाकलेली. डोळ्यांतल्या पाण्यामुळं त्याच्यामागं काय होतं ते नीट दिसलं नाही. तिनं डोळे पुसले तेव्हा फक्त पंजाचा डाग उरला होता.

आणि तिच्या अगदी डोक्यावर ठोका पडला. बद्द.

गोपाळरावांनी वर पाहिलं. त्यांना ऐकू आलं होतं, तेही त्या कानांनी. त्यांनी तिच्या हातातला बत्ता पाहिला.

"उत्तर तू देल्लं?"

मेघानं हो म्हणून मान हलवली. सगळ्या जगाला उठा, चाला म्हणणाऱ्या बाईचे पाय फरशीला चिकटले होते. गोपाळराव तिच्यापर्यंत आले, चालत, ताठ, काठी न टेकवता. त्यांनी तिच्या गालाला हात लावला. मग तिला दोन्ही खांद्यांना धरून बाजूला सारलं, जिथं उभी होती तिथून स्वयंपाकघराच्या दारात.

"छत ठोकणारा पुढंच जाते माय," ते म्हणाले. "मांगून नाही."

ते आपल्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं. आतून काठीचे दोन ठोके आले, फरशीवर, ठणठणीत. इकडचं पक्कं आहे, ये. मेघानं ऐकलं, तिच्या डोक्यावरून काहीतरी सरकलं, छताला धरून, खोलीच्या दाराकडे. दाराच्या वर पांढरी फुली उठली. मग सगळं शांत झालं.

तिनं बाबांना हाक मारली. जोरात, त्यांना ऐकू जाईल अशी. पुन्हा मारली. खाली पिंटूची माणसं रेडिओ लावून काम करत होती, गाणं अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. खोलीतून काही आलं नाही. दाराला आतून कडी नव्हती, तिनंच ती काढवून टाकली होती, पेशंटच्या खोलीला कडी ठेवत नाहीत म्हणून. ढकललं असतं तर उघडलं असतं.

पण न विचारता आत जाता येत नाही, ही रीत तिला तिच्या बापानं शिकवली होती. मेघानं हातातला बत्ता उचलला. चौकटीवर तीन ठोके दिले आणि वाट पाहिली.

उत्तर आलं. दोन ठोके, तोच ठेका, तिच्या लहानपणापासूनचा. फक्त ते फरशीवरून आले नाहीत, पलंगावरूनही नाहीत. ते वरून आले, छताजवळून, जिथं कोणाचा हात पोचत नाही.

काही झालं तरी आत बाबा होते. मेघानं बत्ता खाली ठेवला आणि दार ढकललं.